चहा : किती, कधी आणि कशाबरोबर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला ‘आहार आणि आरोग्य’ असा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअर लिहिते. आपल्या बॅचमध्ये चांगले तीन डॉक्टर असताना हे काम माझ्याकडे कसं आलं, याचं कारण तुम्हाला माहीत आहे. ग्रुपवर कुणी ‘अमुक प्यायलं की तमुक बरं होतं’ असं पाठवलं की मी विचारते : किती प्यायलं, किती दिवस, आणि मोजलं कुणी? त्याला कंटाळून तुम्ही शेवटी मलाच उभं केलंत. ठीक आहे.

विषय अवाढव्य आहे म्हणून त्यातला एकच पदार्थ घेते. चहा. आत्ता तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात तो आहेच, त्यामुळे लक्ष राहील.

चहाच का? तर आपण खाण्याची काळजी करतो ती सणावारी. दिवाळीचे लाडू, लग्नातली जिलबी, श्रावणातल्या पुरणपोळ्या. हे वर्षातून दहा-पंधरा वेळा. आमच्या कामात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. प्रोग्रॅममध्ये एकदाच चालणारी ओळ कितीही वाईट लिहिलेली असली तरी फार बिघडत नाही. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये मात्र बारीकशी गळती असली तरी कधीतरी सगळी यंत्रणा बसते. चहा हा आपला रोज फिरणारा लूप. दिवसाला चार कप धरा, वर्षाचे होतात १,४६०. पंचविशीपासून धरलं तर आपण प्रत्येकाने पंचवीस हजारांहून जास्त कप रिचवलेत. इतक्या वेळा आपण दुसरं काहीही खात-पीत नाही, पाणी आणि भाकरी-पोळी सोडून.

चहाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगते. नुसत्या चहाने कुणाचं वाकडं होत नाही. प्रश्न आहे तो त्याच्यात काय पडतं आणि तो कधी घेतला जातो, याचा. पहिल्या गोष्टीबद्दल सगळे बोलतात. दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून ती आधी घेते. आणि ती मुख्यतः इथे डाव्या बाजूला बसलेल्या मैत्रिणींसाठी आहे.

आपल्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत हिरवट खडे असायचे, आठवतंय? फेरस सल्फेट. जुन्या लोकांचा शब्द हिराकस. बाजारात आयती शाई मिळत नव्हती तेव्हा हिरडा उकळून त्याच्या पाण्यात हिराकस टाकत आणि काळी शाई तयार करत. हिरड्यात टॅनिन असतं, हिराकसात लोह. दोन्ही भेटले की काळा पदार्थ होतो. आता टॅनिनच्या जातीची द्रव्यं आणखी कशात भरपूर आहेत? चहात. जिभेवर येणारा तो तुरटपणा त्यांचाच. घरी करून बघा : कोरा चहा गाळून घ्या, त्यात रक्तवाढीची एखादी लोहाची गोळी कुटून टाका आणि ढवळा. काही क्षणांत पेल्यात काळी शाई दिसेल.

पोटात नेमकं हेच होतं. जेवणातल्या लोहाला चहातली ही द्रव्यं धरून ठेवतात आणि ते लोह आतड्यातून रक्तात न जाता तसंच पुढे निघून जातं. ही सांगोवांगीची गोष्ट नव्हे. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी पावाबरोबर, भाताबरोबर आणि बटाटा-कांद्याच्या सूपबरोबर चहा देऊन हे मोजलं. लोहाचं शोषण घटलं. त्यांनी जेवणात क जीवनसत्त्व घालूनही पाहिलं. तरी चहाने आपलं काम केलंच. १९९९ च्या एका अभ्यासात पावाबरोबर कोरा चहा दिला, तर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी कमी झालं. त्यात दूध घालून पाहिलं, फारसा फरक पडला नाही. ग्रीन टी पिणाऱ्यांनी हसू नये; ही द्रव्यं त्याच्यातही आहेत. कॉफीलाही सूट नाही.

मांसाहारातलं लोह वेगळ्या रूपात असतं, त्याला चहाचा असा त्रास होत नाही. त्रास होतो तो धान्य, डाळी, पालेभाज्या यांतल्या लोहाला. आणि आपल्यातल्या बहुतेकींचं लोह येतं ते तिथूनच. ते मुळातच कसंबसं, दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, अंगी लागतं. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह जेवणातून मिळावं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. पुरुषाला १९ पुरतं. म्हणजे गरज दीडपट. आणि घरात ताटात उरलेलं कुणाच्या वाट्याला येतं, ते मी सांगायला नको.

आता आपला नाश्ता बघा. पोहे, वर लिंबू, बाजूला चहा. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करतं, म्हणून पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आज्या शहाण्या होत्या. लिंबू शेवटी वरून पिळायचं हेही बरोबर, कारण शिजवलं की ते जीवनसत्त्व बरंचसं जातं. आणि मग लगेच त्यावर आपण चहा ओततो. एक हात दार उघडतो, दुसरा बंद करतो. बरं, आज्यांच्या आज्यांना हा प्रश्नच नव्हता. घरोघरी चहा पोचला तो विसाव्या शतकात, चहा-उत्पादकांच्या संघटनांनी गावोगाव जाहिराती करून, फुकट पेले पाजून. आपल्याला तो परंपरेचा वाटतो, इतकंच.

उपाय अगदी बिनखर्ची आहे. चहा सोडायचा नाही, सरकवायचा. जेवण किंवा नाश्ता आणि चहा यांच्यात निदान तासाभराचं अंतर. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं : जेवणाबरोबर चहा आणि जेवणानंतर तासाने चहा. तासाने घेतला तेव्हा लोहाचं नुकसान बरंच कमी झालं. अभ्यास छोटा होता, पण आधीच्या सगळ्या मोजमापांशी जुळणारा.

हे मला इतकं पोटतिडकीने का सांगावंसं वाटतं, तर माझ्या आईमुळे. तीन वर्षांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी कुठून रक्तस्राव तर होत नाही ना, ते नीट तपासलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. आईने तीन महिने एक दिवस न चुकता घेतल्या. पुन्हा तपासलं तर ८.६. डॉक्टर चक्रावले. गोळीचं नाव बदलायच्या आधी त्यांनी एक प्रश्न विचारला, “आजी, गोळी कशाबरोबर घेता?” आई अभिमानाने म्हणाली, “चहाबरोबर. ब्लडप्रेशरची आणि ही, दोन्ही एकदम. म्हणजे विसरत नाही.” डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली. फक्त ती सकाळी अकराला, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि मागेपुढे चहा नाही. तीन महिन्यांनी १०.९. आईचं म्हणणं, आता माजघराच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागत नाही. तिला आकड्याशी देणंघेणं नाही, पायऱ्यांशी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. म्हणजे या सभागृहातल्या डाव्या बाजूच्या खुर्च्या मोजल्या तर निम्म्याहून जास्त. याला एकटा चहा कारण नाही, हे स्वच्छ सांगते. कमी खाणं, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, जंत, बी-१२ ची कमतरता, अशी बरीच कारणं आहेत. आणि आपण आता ज्या वयात आहोत त्यात पाळी लवकर लवकर येते, अंगावर जास्त जातं. आपण म्हणतो, चाळिशी आहे, दमायला होणारच. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, ऑफिसची डेडलाइन. गेल्या वर्षभरात ग्रुपवर ‘खूप थकवा येतो, कुठलं टॉनिक घेऊ’ असं किती जणींनी विचारलं ते मी मोजलं. अकरा. अकराजणींनाही माझं एकच उत्तर : टॉनिक राहू दे, आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपास. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाची शिल्लक. हिमोग्लोबिन उतरायच्या आधी ती रिकामी होते, बँकेतली शिल्लक संपल्यावर चेक परत येतो तसं. आणि अंगावरून फार जात असेल तर ‘चालायचंच’ म्हणू नका, दाखवा.

ज्यांच्याकडे लोहाची शिल्लक भरपूर आहे त्यांनी जेवणावर चहा घेतला तरी बहुधा काही होत नाही. म्हणजे उजव्या बाजूचे पुरुष आत्तापर्यंत सुटले. आता त्यांच्याकडे वळते. म्हणजे साखरेकडे.

साखरेबद्दल या गावात उभं राहून बोलायचं म्हणजे धाडसच. आपल्यातल्या कितीजणांची फी उसाच्या पहिल्या उचलीतून भरली गेली! कारखान्याच्या भोंग्यावर आपली शाळा भरायची. तेव्हा साखरेला विष वगैरे म्हणणाऱ्यांत मी नाही. मी फक्त हिशोब मांडते. सपाट चमचाभर साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. कपाला दोन चमचे, पाच कप : दिवसाला निदान ४० ग्रॅम. वर्षाला साडेचौदा किलो. एका माणसाची, फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा, वरून घातलेली सगळी साखर मिळून, साधारण ५० ग्रॅमच्या आत. २५ च्या आत राहिली तर अधिक चांगलं. म्हणजे बिस्किट, सरबत, शिरा, सॉस यांतलं काहीही तोंडात जायच्या आधीच चहाने कोटा जवळपास संपवलेला असतो.

“मी गुळाचा चहा पितो,” असं आत्ता कुणीतरी मनात म्हणालं. हायवेवर दर दोन किलोमीटरला तशी पाटी आहे. गुळाची चव मलाही आवडते. पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, न शुभ्र केलेली. रक्तातली साखर वाढवायच्या कामात ती मागे नाही. गुळात लोह असतं म्हणाल, तर थोडं असतं खरं, पण ते कशात विरघळवताय? चहात. शाईचा प्रयोग विसरू नका.

आमच्या आयटी कंपन्यांत वेगळीच गंमत आहे. यंत्राचं बटण दाबलं की चहा. त्यातल्या प्रीमिक्सचं पाकीट एकदा उलटून बघा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तसा नियमच आहे. बऱ्याच चहा-प्रीमिक्सवर पहिलं नाव साखरेचं असतं, चहाचं नव्हे. टपरीवरही साखर पातेल्यातच उकळलेली, त्यामुळे ‘कमी साखर’ म्हणायला जागा नाही. तिथे कटिंग घ्यावा, दुसरा उपाय मला दिसत नाही. घरात मात्र आहे. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा. जीभ महिन्या-दोन महिन्यांत बदलते, मग जुना चहा पाकासारखा लागतो. आणि पाहुण्याला विचारा, “साखर किती?” पूर्वी चहा गोडमिट्ट नसला तर मान ठेवला नाही असं वाटायचं. आता हा प्रश्न विचारणं हाच मान आहे. एका संध्याकाळी हळदीकुंकवाला सहा घरी जाणाऱ्या बाईला विचारून बघा.

इथे उजवीकडचे दोघं-तिघं म्हणतील, आमचं वजन दहावीत होतं तेवढंच आहे, आम्हाला काय! त्यांच्यासाठी एका छायाचित्राची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात, लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत, एक पानभराचा लेख छापला. त्यात दोघांचा शेजारी शेजारी उभं राहिलेला फोटो आहे. उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचा अगदी सारखा : २२.३. दोघंही कागदावर सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल मिश्कीलपणे लिहिलंय की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत तिच्यापर्यंत धावणं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : जन्माच्या वेळी त्यांचं वजन कमी होतं. आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषण आणि पुढे बारीक अंगातही साठणारी चरबी, यांचा संबंध त्यांच्या गटाने पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं तपासला आहे. आपली हाडं बारीक, हातपाय काटकुळे, आणि पोट मात्र सुटलेलं, हा आपल्या मातीतला नमुना. असा माणूस वजनकाट्यावर निर्धास्त दिसतो आणि पंचेचाळिशीत त्याला ‘शुगर’ निघते. तेव्हा काट्यावर विसंबू नका. कमरेला टेप लावा, आणि वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या.

चहाबरोबर जे येतं त्याबद्दल फार बोलत नाही. ग्लुकोज बिस्किटात साधारण पाव भाग साखर असते. खारी आणि बटर म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. काही हवंच असेल तर मूठभर फुटाणे घ्या. फुटाणे असोत की शेंगदाणे, खायचे ते चहाच्या तासभर आधी नाहीतर तासाने, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

शेवटी शाळेबद्दल. काल संध्याकाळी निधीवर चर्चा झाली. स्मार्ट बोर्ड, वॉटर कूलर, वाचनालयाची कपाटं, सगळं योग्यच आहे. माझी एक छोटी सूचना त्यात घाला. शाळेत मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी ती निळी असते, लहानांसाठी गुलाबी. मी काल बाईंशी बोलले. गोळी दुपारच्या जेवणानंतर दिली जाते, ते बरोबरच आहे, उपाशीपोटी ती बाधते. पण बऱ्याच मुली दुपारी घरी गेल्या की पहिलं काम करतात ते चहा-चपाती खाण्याचं. काही तर गोळी दप्तरात ठेवतात आणि घरी चहाबरोबर घेतात.

आपल्या फाटकाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या मावशी आठवतात? पेरू, आवळे, बोरं, तिखटमीठ लावून. बाई आपल्याला तिथून हाकलायच्या, आणि आपण मधल्या सुट्टीत तिथेच असायचो. पेरू आणि आवळा यांच्याइतकं क जीवनसत्त्व आपल्या बाजारातल्या फार थोड्या फळांत आहे. संत्र्याच्या कितीतरी पट. तर गोळीच्या दिवशी, वर्गातच, बाईंच्या देखत, गोळी आणि तिच्याबरोबर अर्धा पेरू. पेरू नसतील त्या महिन्यांत लिंबाचं सरबत, साखर बेताची. पटावर चारशे मुलं आहेत. अर्धा पेरू साधारण ७५ ग्रॅमचा धरला तर आठवड्याला ३० किलो. साठ रुपये किलोने १,८०० रुपये. शाळेचे चाळीस आठवडे धरले तर वर्षाला ७२,०००. आपण बॅचमधले ९० जण इथे आहोत, म्हणजे माणशी ८०० रुपये. जूनमध्ये आणि मार्चमध्ये आठवी ते दहावीच्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचं काम आपल्या बॅचमधल्या डॉक्टरांनी काल रात्री जेवताना कबूल केलं आहे, साक्षीदार आहेत.

बाईंनी होकार दिलाय. पेरूवाल्या मावशींच्या सूनबाई आता फाटकाशी बसतात, त्यांच्याशी दर ठरवायचं काम कुणीतरी घ्यावं. मला भाव करता येत नाही.